पारा नावाची भाजी

“रविवारपर्यंत गच्ची मोकळी झाली पाहिजे,” निलाक्का म्हणाल्या.

त्या जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीपाशी उभ्या होत्या आणि मी सगळ्यात वरच्या पायरीवर, हातात झारी घेऊन. निलाक्का मगदूम म्हणजे आमच्या घरमालकीण. गुडघ्यांमुळे त्या कित्येक वर्षांत वर आल्या नव्हत्या. त्यांचे सगळे हुकूम खालूनच सुटायचे.

“स्लॅब गळाय लागलाय तुझ्या डब्यांनी.”

“बरं,” मी म्हणालो.

स्लॅब गळत नव्हता. माझे सगळे डबे विटांवर ठेवलेले होते, विटांखाली प्लॅस्टिक होतं, आणि जास्तीचं पाणी पन्हळीतून थेट गटारात जात होतं. पाणी कुठून कुठे जातं ते मला कळत होतं, कारण मी गडहिंग्लज नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होतो. हे सगळं निलाक्कांना सांगावं असं मनात आलंही. पण माझं तेव्हा असं होतं की वाक्य पोटातून निघून ओठांपर्यंत यायला फार वेळ लागायचा, आणि तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असायचा. निलाक्काही गेल्या. मी उरलेलं पाणी डब्यांना घातलं.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो. सकाळी साडेचारला उठून खांद्यावर लोखंडी चावी टाकायची आणि गल्लीगल्लीचं पाणी सोडायचं. व्हॉल्व्हशी बोलावं लागत नाही, म्हणून ती नोकरी मला मानवली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती. बायकोशी, छायाशी, माझं भांडण असं कधीच झालं नाही. भांडायलाही बोलावं लागतं.

बोलत नव्हतो, पण रिकामा नव्हतो. ऑफिसात एक शेतीचं मासिक यायचं. त्यात केरळातल्या एका गृहस्थांचा पत्ता होता. आपल्याकडचं बी त्यांना पाठवायचं, ते त्यांच्याकडचं आपल्याला पाठवायचे. मी इथलं संकेश्वरी मिरचीचं बी पाठवलं. उलट टपाली पाच पुड्या आल्या, प्रत्येकीवर बारीक अक्षरात नाव. त्या दिवसापासून मला नादच लागला. तेलाचे पत्र्याचे डबे आडवे कापायचे, बुडाला खिळ्यानं भोकं पाडायची, माती आणि कुजलेलं शेण भरायचं. काकडीच्या वासाचं केसाळ पान, मीठ न घालता खारट लागणारी भाजी, लिंबाच्या वासाची तुळस, कातरलेल्या पानांची जपानी मोहरी. तीन वर्षांत असे चौसष्ट डबे झाले. आमच्या ओळखीत यातलं काहीच कुणी खात नव्हतं. छाया मात्र मी आणून देईन ते भाजीत टाकायची आणि “आज काय होतं?” असं विचारायची. मी “पान” म्हणायचो.

निलाक्कांचा हुकूम मी छायाला सांगितला, म्हणजे “रविवार” एवढंच म्हणालो. बाकीचं तिनं खालून ऐकलंच होतं. ती पोळ्या लाटत होती. तिनं आणखी दोन पोळ्या लाटून घेतल्या.

“मी रेडिओला पत्र टाकलेलं,” मग ती म्हणाली. “त्यांचा काल फोन आला. शनिवारी अकरा वाजता तुम्हाला बोलावलंय. भाज्या घेऊन.”

आमच्या गावात तेव्हा ‘रेडिओ सांगाती’ नावाचं एक छोटं केंद्र होतं. चार-पाच कोसांत ऐकू यायचं. त्यावर रोज अकरा वाजता मिलिंद सबनीस यांचा गप्पांचा कार्यक्रम लागायचा. सबनीसांचा आवाज असा, की माणसं नुसतं हवामान ऐकायलाही थांबायची. निलाक्का तर त्यांच्या भक्तच होत्या. सबनीस बोलत असताना त्या फोडणीसुद्धा देत नसत, चरचर आवाजात शब्द बुडतात म्हणून.

“सबनीस एकदा रेडिओवर म्हणाले की वा, काय गच्ची आहे, की आक्का गप्प,” छाया म्हणाली.

मी बराच वेळ विचार केला. “मी काय बोलणार?”

“ते विचारतील ते सांगायचं.”

“आणि नाही सांगता आलं तर?”

“तर तेच बोलतात की. त्यांना कोण थांबवतंय?”

हे मात्र खरं होतं. सबनीसांच्या कार्यक्रमात पाहुणा मधूनमधून खोकला तरी चालायचं. मी शनिवारची रजा टाकली.

शनिवारी सकाळी मी ओल्या फडक्यात गुंडाळून सात प्रकारची पानं घेतली. एका डबीत पाऱ्याची फुलंही घेतली. पारा हे मी ठेवलेलं नाव. केरळच्या गृहस्थांच्या पुडीवर ‘पारा क्रेस’ असं लिहिलं होतं, त्यातला पुढचा शब्द मी गाळला होता. त्याची पानं भाजीत चांगली लागतात, जिभेला जरा मुंग्या आणतात एवढंच. फुलाचं प्रकरण वेगळं. ते मी एकदा अख्खं खाल्लं होतं, तेव्हा अर्धा तास चहा गरम आहे की गार ते मला कळलं नव्हतं. म्हणून फुलं फक्त दाखवायला घेतली होती. दिसायला ती देखणी होती.

केंद्र म्हणजे एक खोली होती. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकलेल्या, मधे टेबल, टेबलावर दोन मायक्रोफोन. काचेच्या पलीकडे शिंदेबाई बसायच्या. यंत्रांची सगळी बाजू त्या एकट्या बघायच्या आणि बघता बघता लोकर विणायच्या. गाणी ज्या संगणकावर होती तो गुरुवारीच दुरुस्तीला गेला होता, त्यामुळे तीन दिवस केंद्रावर नुसत्या गप्पा चालल्या होत्या.

“घाबरू नका सुबरावजी,” सबनीस म्हणाले. अंगाला अत्तराचा वास, खिशात इस्त्रीचा रुमाल. “तुम्ही फक्त हं हं म्हणायचं. बाकी माझ्यावर सोडा.”

दिवा लाल झाला.

पहिली सात मिनिटं फार चांगली गेली. सबनीस बोलले आणि मी हं म्हणालो. मग त्यांनी एकेक पान खायला घेतलं. काकडीच्या वासाचं पान चावून म्हणाले, “श्रोते हो, डोळे मिटले तर मी शपथेवर सांगेन की ही काकडी आहे.” खारट भाजी खाऊन म्हणाले, “निसर्गानं इथे मीठ घालूनच पाठवलंय.” मी मनात म्हटलं, निलाक्कांनी आता गॅस बारीक केला असेल. आपलं काम होणार.

“आणि या सोन्याच्या गुंड्या कसल्या, सुबरावजी?” त्यांनी डबी उघडली.

“पारा,” मी म्हणालो.

याच्या पुढचं वाक्य मी तयार करत होतो. ते असं होतं: हे खायचं नाही, खायचंच असलं तर नखाएवढा कण घ्या. वाक्य जवळजवळ तयार झालं होतं. सबनीसांनी तीन फुलं एकदम तोंडात टाकली आणि चावायला लागले.

“हिरवट चव आहे,” ते म्हणाले. “गवताची म्हणता येईल. आता थोडी आंबट. आता जिभेच्या शेंड्यावर काहीतरी... कुणी बारीक बारीक टाचण्या... श्रोते हो, हा अनुभव... श्योते हो...”

ते थांबले. मग त्यांनी पुन्हा प्रयत्न केला.

“श्योये ओ.”

खिशातला रुमाल बाहेर आला. तोंडातून लाळेची धार लागली होती आणि ती थांबवायचं काम रुमालाला झेपत नव्हतं. सबनीसांनी माझ्याकडे पाहिलं. इतका आर्जवी चेहरा मी त्याआधी फक्त पाणी न आलेल्या गल्लीत पाहिला होता.

पलीकडे शिंदेबाईंनी मान वर केली. सगळं काही काचेतून त्यांना दिसत होतं. त्यांनी समोरची पाटी उचलली, खडूनं ‘२१ मि.’ असं लिहून आम्हाला दाखवली आणि विणायची सुई माझ्याकडे रोखली.

गाणं लावता येत नव्हतं. दिवा लालच होता. टेबलापाशी फक्त माझं तोंड चालू स्थितीत होतं.

“सबनीस सर ठीक आहेत,” मी म्हणालो.

शिंदेबाईंनी सुई हलवली.

“त्यांची जीभ बधिर झालीय. अर्ध्या तासात येईल.”

“येई,” सबनीस मायक्रोफोनमध्ये म्हणाले. त्यांचा स्वभावच तसा, की माइक मोकळा ठेवणं त्यांना जमत नव्हतं.

तेवढ्यात फोन आला. टेबलावरच्या डबड्यातून एका माणसाचा आवाज आला. “मी नूलहून बोलतोय. सरांना काय दिलंत तुम्ही?”

“फूल.”

“किती दिली?”

“तीन. मी दिली नाहीत. त्यांनी घेतली.”

“आणि एकदम आवाज बंद?”

“हो.”

“आमच्याकडं सोमवारी ग्रामसभा आहे. पाव किलो मिळतील काय?”

याला काय उत्तर द्यावं हे मी ठरवत होतो, तोवर शिंदेबाईंनी पुढचा फोन जोडला.

“मी निलावती मगदूम बोलतेय. सुबरावची घरमालकीण.”

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. मग लक्षात आलं की माइक खाली राहिला, म्हणून पुन्हा बसलो.

“सबनीस सर कसे आहेत?” निलाक्कांनी विचारलं.

“बअं आए,” सबनीस म्हणाले.

“ऐकलास? सोन्यासारख्या माणसाचं काय करून ठेवलास.” त्यांचा आवाज कापत होता. रागानं की घाबरून ते मला कळलं नाही. “आता मी सांगतेच. स्लॅब गळतोय म्हटलं ते खोटं होतं. माझा भाचा म्हणाला, आक्का, गांजाची पानं कातरलेली असतात. रस्त्यावरनं बघितलं तर तुझ्या कठड्यावर सगळी तसलीच पानं. तू बोलत नाहीस. सकाळ-संध्याकाळ वर जाऊन बसतोस. आणि वरनं खाली येतोस ते हसत येतोस. माणूस काय समजंल? तोंडावर कसं विचारायचं म्हणून स्लॅबचं नाव काढलं. पण आता सरांची ही गत झाली, आता लाज कसली. सांग सगळ्यांसमोर. गांजा आहे का?”

चार-पाच कोसांतल्या रेडिओंवर ते वाक्य गेलं. शिंदेबाईंची सुई थांबली. सबनीसांनी रुमाल तोंडावरून बाजूला केला आणि माझ्यापासून खुर्ची वीतभर मागे सरकवली. माझ्या डोळ्यांपुढे नगरपालिकेचे मुख्याधिकारी उभे राहिले. मग आमचं सामान रस्त्यावर आलेलं दिसलं. त्या सामानाशेजारी छाया उभी होती.

“आक्का,” मी म्हणालो, “ती जपानी मोहरी आहे.”

आणि मग काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एरवी पोटात अडकून पडणारी वाक्यं एकामागून एक बाहेर यायला लागली.

“तिची पानं कातरलेलीच असतात, तिचा तो गुणच आहे. कठड्यावर ठेवलीय कारण तिला सकाळचं ऊन लागतं आणि दुपारचं चालत नाही. दुपारचं ऊन लागलं की ती फुलावर येते आणि पानं कडू होतात. तिचं बी खसखशीएवढं असतं, आक्का. ते चिमटीत येत नाही, सगळं एकाच जागी पडतं. म्हणून कोरड्या वाळूत मिसळायचं आणि मीठ भुरभुरवतात तसं पेरायचं. वरून ओलं गोणपाट. तिसऱ्या दिवशी गोणपाट उचलून बघायचं. त्या दिवशी उगवलेलं असतं. दोन पानं, हृदयाच्या आकाराची, माझ्या नखापेक्षा लहान. मी खाली येताना हसत असतो तो त्या दिवशी.”

निलाक्कांचा फोन चालू होता.

“सलाडच्या पानांनी मला चार वेळा फसवलं,” मी म्हणालो. “चारही वेळा बी मातीत नीट पुरलं, आणि चारही वेळा काही आलं नाही. पाचव्यांदा थोडं बी चुकून वरच सांडलं, तेवढंच उगवलं. त्याला उजेड लागतो. पुरलं की ते झोपून राहतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पार्सली म्हणून एक आहे, कोथिंबिरीच्या चुलतबहिणीसारखी. ती पंचवीस दिवस घेते. रात्रभर पाण्यात भिजवली तरी पंचवीस. पंचवीस दिवस मी रिकाम्या मातीला पाणी घालत होतो. शेजारच्या गच्चीवरची माणसं मला काय म्हणत असतील ते मला माहीत आहे. चोविसाव्या दिवशी मला वाटलं की आता उकरून टाकावं. पंचविसाव्या दिवशी मातीला एक बारीक भेग गेली होती. आणि त्या भेगेखाली एक हिरवा वाकडा देठ होता, डोकं अजून खालीच. तो सरळ होताना बघायला मी त्या दिवशी कामावर अर्धा तास उशिरा गेलो. संकपाळ गल्लीला त्या दिवशी पाणी उशिरा आलं, ते त्याच्यामुळे. मी सांगितलं होतं की चावी हरवली.”

शिंदेबाईंनी मला नंतर सांगितलं की मी न थांबता अकरा मिनिटं बोललो. चौसष्टपैकी पंचेचाळीसेक डब्यांची हकीकत झाली. गोगलगायी झाल्या, मावा झाला, लिंबाची तुळस आणि मांजराचं वैर झालं. सबनीस खुर्ची पुढे घेऊन, हनुवटीखाली रुमाल धरून ऐकत होते.

“हं,” शेवटी निलाक्का म्हणाल्या. “आणि ते फूल कसलं? त्याचं बोल.”

“पारा. केरळातून बी आलं.”

“दिसायला कसं आहे?”

“बटणासारखं. पाकळ्याच नाहीत. पिवळं, आणि मधे तांबडा टिपका.”

“देठ लांब?”

“लांब.”

“चावलं की लाळ सुटते, आणि तोंड आपलं नाही असं वाटतं?”

“वाअअं,” सबनीस कळवळून म्हणाले.

“अरे, मग तो अक्कलकारा,” निलाक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजातलं कापरं सगळं गेलं. “माझ्या माहेरी विहिरीच्या कडंला होता. दाढ दुखली की एक फूल दाढेखाली धरायचं. तेवढ्यासाठी तू केरळला पत्र घातलास? आणि पारा कसला? ऐकणाऱ्या सगळ्यांना सांगते, सुबरावच्या गच्चीवर अक्कलकारा आहे. दुसरं काही नाही. मी त्याची घरमालकीण आहे. निलावती मगदूम. सर, कोमट पाण्यानं चूळ भरा.”

फोन ठेवला गेला. मी घाम पुसला. त्याच वेळी स्टुडिओचं दार उघडलं आणि रेनकोटमधून पाणी गाळत हवालदार रेडेकर आत आले.

“साहेबांनी रेडिओ ऐकला,” ते म्हणाले. “बघून या म्हणाले. कुठं आहे माल?”

“माल नाही, अक्कलकारा आहे,” मी म्हणालो. “आता आक्कांनी सांगितलं की.”

“मी तेव्हा गाडीवर होतो. मी नाही ऐकलं.” त्यांनी डबीतलं एक फूल उचललं, वास घेतला, उजेडात धरलं.

“हवालदारसाहेब, अख्खं नको,” मी म्हणालो. या वेळी वाक्य वेळेवर आलं आणि चांगलं मोठ्यानं आलं. “नखाएवढा कण घ्या. बाकीचं ठेवा.”

“ड्यूटी म्हणजे ड्यूटी,” रेडेकर म्हणाले आणि अख्खं फूल चावलं.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. मी ऐकणाऱ्यांना काय चाललंय ते सांगत होतो, म्हणजे हवालदारांनी फूल खाल्लं, आता ते उभे आहेत, आता त्यांनी ओठाला हात लावला. रेडेकरांनी काही बोलायचा प्रयत्न केला नाही. ते अनुभवी होते. त्यांनी खिशातली वही काढली, पेन्सिल काढली, आणि उभ्या उभ्या लिहिलं. मला दाखवलं. मी ते माइकवर वाचून दाखवलं: ‘जीभ लागत नाही. डोके ठिकाणावर आहे. नशा नाही. पंचनाम्याची गरज नाही.’

शिंदेबाईंनी ‘१ मि.’ दाखवलं. कार्यक्रमाचा शेवट मात्र सबनीसांनी स्वतः केला. तो हक्क त्यांनी कुणाला देणं शक्य नव्हतं. “ओये ओ, उआ एऊ,” ते त्याच सायीसारख्या आवाजात म्हणाले, म्हणजे ‘श्रोते हो, उद्या भेटू’, आणि दिवा विझला.

सबनीस माझ्यावर रागावले नव्हते. किंवा रागावले असतील, पण त्यांना ते सांगता येत नव्हतं. त्यांनी माझा हात हातात घेऊन दोनदा दाबला आणि चूळ भरायला गेले.

मी फडकी गोळा करत होतो तेव्हा शिंदेबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक आंतर्देशीय पत्र होतं.

“याचं काम झालं,” त्या म्हणाल्या. “फाईलला लावत नाही आता. तुम्ही ठेवा.”

छायाचं अक्षर होतं. मी ते बाहेर पायऱ्यांवर बसून वाचलं. वर तारीख होती, चार जून. निलाक्कांनी गच्ची मोकळी करायला सांगितलं तो ऑगस्टचा दुसरा आठवडा. मी दोनदा पाहिलं. जूनच होता.

पत्र लहान होतं. ‘आमचे मिस्टर घरात फार बोलत नाहीत,’ असं लिहिलं होतं. ‘पण गच्चीत डब्यांपाशी ते बारीक आवाजात काही तरी सांगत असतात. मी जिन्यात उभी राहून ऐकते, पण नीट ऐकू येत नाही. मी गेले की ते थांबतात. तुम्ही कार्यक्रमात बोलावून त्यांना भाज्यांचं विचारलंत तर मला घरी रेडिओवर ऐकता येईल. त्यांना जरा वेळ द्यावा लागेल.’

मी पत्राची घडी करून वरच्या खिशात ठेवली.

घरी पोचलो तर निलाक्का जिन्यात होत्या. आठव्या पायरीवर बसल्या होत्या आणि छाया त्यांचा दंड धरून एक पायरी वर उभी होती.

“आलास?” निलाक्का म्हणाल्या. “उरलेल्या अकरा पायऱ्या तू धर. हिच्यात जोर नाही.”

आम्ही त्यांना वर नेलं. पाव तास लागला. वर आल्यावर त्यांनी आधी स्लॅबवर पाय आपटून बघितला. मग त्या एकेका डब्यापाशी थांबत गेल्या. मी सांगत होतो आणि त्या पान तोडून खात होत्या. काकडीचं पान त्यांना आवडलं नाही. “काकडी खायची असली तर मी काकडी खाईन,” त्या म्हणाल्या. खारट भाजी त्यांनी तीनदा खाल्ली. जपानी मोहरीपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, पान उलटंसुलटं करून पाहिलं, चावलं आणि भाच्याला दोन शब्द ऐकवले. तो तिथे नव्हता.

“गच्ची राहू दे,” शेवटी त्यांनी निकाल दिला. “फक्त ही कठड्यावरची आत घे. मला पटलं, पण रस्त्यावरनं जाणाऱ्या एकेकाला मी कुठं सांगत बसू?”

“आत ऊन कमी पडतं आक्का,” मी म्हणालो. “तिला सकाळचं चार तास लागतं. असं करू, कठड्यावर आधी कोथिंबिरीची रांग लावू, तिच्या मागं ही. रस्त्यावरून कोथिंबीरच दिसंल.”

निलाक्कांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “बोलतोय की हा,” त्या छायाला म्हणाल्या.

त्यांना खाली सोडून मी परत वर आलो तेव्हाही पावसाची उघडीप टिकून होती. छाया गच्चीतच होती, उलट्या बादलीवर बसून. माझ्या खिशातून आंतर्देशीयाचा निळा कोपरा दिसत होता. तिनं तो पाहिला. मग तिनं नजर डब्यांकडे वळवली.

“पार्सली कुठली?” तिनं विचारलं.

मी दाखवली.

“पंचवीस दिवस?”

“पंचवीस. आणि सगळं बी एकदम येत नाही. पहिलं आलं की पुढचे चार दिवस एकेक येत राहतं. ये, इथून बघ, देठ कसा पोकळ असतो तो.” मी डबा उचलून तिच्याजवळ नेला. मग शेजारचा नेला. त्यात लाल देठाचा चुका होता, आणि त्याचं बी साताऱ्याच्या एका शिक्षकांनी काडेपेटीत घालून पाठवलं होतं. ते शिक्षक कोण, त्यांनी काडेपेटीच का निवडली, काड्यांच्या गंधकानं बी मरतं का, हे सगळं निघालं. छाया हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. मधे तिनं दोन-तीन प्रश्न विचारले आणि मी त्यांची सरळ उत्तरं दिली.

दिवेलागणीला ती बादलीवरून उठली आणि पदर झटकला.

“भात टाकायचाय,” ती म्हणाली. “जेवायचं नाही का आज?”

“बस जरा,” मी म्हणालो. “अजून तीस डबे आहेत.”